इंधन टर्मिनलची जनसुनावणी आणि आमच्या विहिरींची नोंद

जालना-परभणी रेल्वेमार्गालगतच्या आमच्या शिवारात पेट्रोल, डिझेल आणि इथेनॉल साठवणारे टर्मिनल उभे राहणार असल्याचे आम्हाला जनसुनावणीच्या जाहिरातीतून अधिकृतपणे समजले. मी तालुक्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि आमची शेती नियोजित जागेच्या खालच्या अंगाला, दुधना नदीला मिळणाऱ्या ओढ्याच्या काठी आहे. त्यामुळे प्रकल्पाचा पर्यावरणविषयक अहवाल वाचून त्यातले काय ते सांगण्याचे काम ग्रामपंचायतीने माझ्यावर सोपवले. गावाचा प्रकल्पाला सरसकट विरोध नव्हता. पाणी नासू नये, एवढेच म्हणणे होते, आणि ते कागदावर कसे आणायचे हा खरा प्रश्न होता.

पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी लोकांना पाहता येईल असा ठेवावा लागतो. सारांश मराठीत मिळतो, पण तेवढा वाचून कोणीही थांबू नये, असे मला मनापासून वाटते. आमच्या सारांशात टाक्यांची संख्या, रोजगार आणि हरितपट्टा यांवर परिच्छेदच्या परिच्छेद होते. भूजलाबद्दल मात्र ‘परिणाम नगण्य’ एवढेच होते. मी जिल्हाधिकारी कार्यालयात बसून मूळ इंग्रजी अहवालातला पाण्याचा भाग वाचला, तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. पाण्याचे नमुने एकाच उन्हाळी हंगामात घेतलेले होते, म्हणजे विहिरी कोरड्या असताना, आणि म्हणून ते सगळे बोअरचे होते. शिवाय कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड यांची तपासणी होती, पण पेट्रोलमध्ये असणाऱ्या बेंझिन या विषारी रसायनाची नव्हती.

आमच्याकडे भूजल समजून घ्यायचे तर आधी खडक समजून घ्यावा लागतो. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्ट हा काळा कठीण खडक असा थर आहे. वाळूत पाणी सगळीकडे सारखे पसरते तसे बेसाल्टमध्ये पसरत नाही. ते भेगांमधून आणि झिजलेल्या थरांमधून वाट काढते. एका बांधावरच्या विहिरीला पाझर लागतो आणि शेजारच्या विहिरीला तळ गाठूनही लागत नाही, हे आमच्याकडे प्रत्येक शेतकरी जाणतो. म्हणूनच चार नमुन्यांवरून सगळ्या शिवाराचे अनुमान काढणे येथे चालत नाही. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने गळती झाली तर ते भूजलाच्या पातळीवर तरंगत राहते, परंतु त्यातले बेंझिन काही प्रमाणात पाण्यात विरघळते आणि पाण्याबरोबर पुढे सरकते.

गावच्या बैठकीत शेजारचे एक आप्पा म्हणाले, “सर, वास आल्यावर कळंलच की आपल्याला.” मी म्हणालो, “आप्पा, वास येईपर्यंत फार उशीर झालेला असेल.” पिण्याच्या पाण्यात बेंझिन लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे, आणि इतक्या थोड्या प्रमाणाचा माणसाच्या नाकाला पत्ता लागत नाही. शिवाय प्रश्न वासापुरता नव्हता. टर्मिनलमध्ये पहिला टँकर भरण्याआधी आमच्या विहिरींचे पाणी कसे होते याची नोंद नसेल, तर उद्या बिघाड झाल्यावर तो कधी झाला आणि कशाने झाला हे कोण सिद्ध करणार? विहिरीत डिझेल इंजिन बसवलेले असते, रस्त्याकडेला पेट्रोल पंप असतो, त्यामुळे बोट दाखवायला दुसऱ्या जागा नेहमीच सापडतात.

म्हणून आम्ही सुनावणीआधीच ओढ्याकाठच्या विहिरींचे नमुने घेतले. पावसाळा नुकताच संपलेला होता आणि विहिरींना पाणी होते. बेंझिनसाठी नेहमीची प्लास्टिकची बाटली चालत नाही. प्रयोगशाळेने ४० मिलिलिटरच्या तपकिरी काचेच्या छोट्या बाटल्या दिल्या होत्या. बाटली काठोकाठ, पाण्याचा फुगवटा वर दिसेपर्यंत भरायची, झाकण घट्ट लावायचे, मग ती उलटी करून बोटाने टिचकी मारायची आणि एकही बुडबुडा वर जात नाही ना हे पाहायचे. बुडबुडा राहिला तर बेंझिन पाण्यातून त्या हवेत निघून जाते आणि निकाल खोटा येतो. नमुने बर्फाच्या पेटीत ठेवून थेट मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोहोचवले. प्रत्येक विहिरीचा गट क्रमांक, पाण्याची पातळी, तारीख आणि शेतकऱ्याची सही असलेला पंचनामा सरपंचांनी केला. खर्च ग्रामपंचायतीने आणि विहीरमालकांनी वाटून घेतला.

लेखी निवेदनात पाण्याच्या नोंदीखेरीज आणखी काही मुद्दे होते. टाकी फुटली तर सांडलेले इंधन अडवण्यासाठी टाक्यांभोवती डाइकची भिंत असते, पण आतला तळ कसा असेल हे अहवालात स्पष्ट नव्हते. काळी जमीन ओली असताना फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे ती काढून टाकून तळ पक्का व अभेद्य करावा, अशी मागणी केली. डाइकमध्ये साचलेले पावसाचे पाणी सोडण्याची झडप कायम बंद असावी आणि पाणी तपासूनच ती उघडावी, हाही मुद्दा होता. जयपूरजवळच्या सीतापुऱ्यातील इंधन डेपोला २९ ऑक्टोबर २००९ ला लागलेल्या आगीनंतर चौकशीसाठी नेमलेल्या एम. बी. लाल समितीने दूरनियंत्रित झडपा आणि वायुशोधक यांवर भर दिला होता; त्यांचा आराखड्यात समावेश आहे का, हे विचारले. टाक्यांच्या तळाशी साठणारा गाळ धोकादायक कचऱ्याबाबतच्या २०१६ च्या नियमांनुसार धोकादायक कचरा ठरतो आणि तो अधिकृत संस्थेकडेच जायला हवा, याचीही नोंद घ्यायला लावली.

इथेनॉलचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटत होता, कारण आमच्या भागातले साखर कारखाने ते तयार करतात आणि पेट्रोलमध्ये त्याचे मिश्रण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. सांडपाण्यातले तेल वेगळे करणारी टाकी तेल वर तरंगते या तत्त्वावर चालते. इथेनॉल मात्र पाण्यात पूर्ण मिसळते, त्यामुळे ते त्या टाकीतून पाण्याबरोबर सरळ ओढ्यात जाईल. शिवाय जमिनीत दोन्ही एकत्र मुरले तर जिवाणू आधी इथेनॉल खातात आणि बेंझिनचे विघटन लांबते. इथेनॉलच्या डाइकमधले पाणी वेगळे साठवावे आणि अल्कोहोलला टिकणारा फेस अग्निशमनासाठी ठेवावा, असे आम्ही लिहून दिले.

सुनावणी अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. सल्लागारांनी सादरीकरण केल्यावर मी प्रयोगशाळेचे अहवाल मांडले. कोणत्याही विहिरीत बेंझिन आढळलेले नव्हते आणि आम्हाला नेमके तेच नोंदवायचे होते. एक काकू उठून म्हणाल्या, “साहेब, २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमची विहीर गेली तर आमच्यासाठी कोण रेल्वे आणणार?” सभागृह शांत झाले. शेवटी कार्यवृत्त मराठीत वाचून दाखवले गेले, तेव्हा इथेनॉलचा मुद्दा राहून गेल्याचे लक्षात आणून देताच तो तेथेच घातला गेला. कार्यवृत्त वाचले जाईपर्यंत कोणीही उठून जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो.

प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीच्या अटींमध्ये वरच्या आणि खालच्या अंगाला निरीक्षण विहिरी घेणे, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर त्यांत बेंझिन तपासणे आणि निकाल ग्रामपंचायतीला देणे हे समाविष्ट झाले. तळ अभेद्य करण्याची अटही आली. इथेनॉलच्या पाण्याची वेगळी साठवण मात्र केवळ शिफारस म्हणून राहिली आहे, आणि तिचा पाठपुरावा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राच्या टप्प्यावर चालू आहे. अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो व तो लोकांना पाहण्यासाठी खुला असतो. तो मागवून आमच्या नोंदीशी ताडून पाहण्याची जबाबदारी ग्रामसभेने ठरावाने तिघांकडे दिली आहे.