तुम्ही विचारलंत म्हणून: देवाला इतका राग का येतो?

मी ख्रिस्ती आहे हे कळलं की थोड्या वेळाने प्रश्न येतोच. प्रेमळ देव म्हणता, मग बायबलच्या जुन्या करारात तो इतका भडकतो कसा? आणि त्याच ग्रंथात इथे एक, तिथे भलतंच, हे कसं चालतं? विचारणाऱ्यांत डिवचणारे असतात, खरोखर अडलेलेही असतात. आजवर दोघांनाही मी तुटक उत्तरं दिली.

विसंगती आहेत. राजा दाविदाने केलेली लोकांची शिरगणती घ्या. बायबलमधल्याच दोन पुस्तकांत ती येते. २ शमुवेल २४ म्हणतं, परमेश्वर इस्राएलावर कोपला आणि त्यानेच दाविदाला चिथावलं. १ इतिहास २१ म्हणतं, सैतानाने. इस्राएलाचे लढवय्ये तिथे ८ लाख, इथे ११ लाख. विशीतला मी हे सगळं जुळवून दाखवायचो: यात राखीव फौज धरली, त्यात नाही. ओढूनताणून जुळतंही. पण त्या पोराला जुळवताना जी मजा यायची, ती आता मला बघवत नाही.

माझ्या ताईचं बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलं. सांत्वनाला आलेल्यांत आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक ज्येष्ठ होते. प्रार्थना झाली आणि त्यांनी दहा आज्ञांमधलं वचन काढलं: वडिलांच्या अन्यायाबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन. आवाज अगदी मऊ. दाविदाच्या पापापायी त्याचं बाळही असंच गेलं, म्हणाले, आपण आपलं अंतःकरण तपासावं. भावोजींनी मान वर केली नाही. ताईने विचारलं, "कुठलं पाप, तेवढं सांगा. निदान कळेल तरी." "ते तुमचं तुम्हालाच ठाऊक," ते म्हणाले. मी यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा १८ वा अध्याय उघडला आणि मोठ्याने वाचला, मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. "शास्त्राने शास्त्राला छेद देऊ नये," ते म्हणाले. मी म्हटलं, "छेद मी दिलेला नाही, संदेष्ट्याने दिलाय." मग कोणीच बोललं नाही. ताई उठून आत गेली. पुढे तिच्या श्रद्धेचं काय झालं ते तिचं आहे, मी सांगणार नाही.

तुम्ही ज्याला विसंगती म्हणता ती नसती, तर त्या खोलीत माझ्या हातात काय होतं? म्हणून आता कोणी सगळी वचनं एका सुरात लावून दिली की मीच अस्वस्थ होतो.

आणि कधीच न रागावणारा देव मला नकोय. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात तो कोपतो ते दरिद्र्याला पायतणाच्या जोडासाठी विकणाऱ्यांवर. तिथे त्याने शांत राहायला हवं होतं का? दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने सोपी वाट काढली होती: रागीट देव वेगळा, येशूचा पिता वेगळा. रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. मोह मला कळतो, पण मग मार्क ३ मध्ये, वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं करावं का, यावर गप्प बसलेल्यांकडे येशू रागाने बघतो, त्याचं काय करायचं? आणि सगळं गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी देव संतापतो तो देवावर ओरडणाऱ्या ईयोबावर नाही; त्याला देवाची बाजू समजावत बसलेल्या मित्रांवर. (हे वचन त्या ज्येष्ठांना तेव्हा ऐकवायला हवं होतं. सुचलं नाही. मीही आत्ता समजावतोच आहे, तेव्हा जपून.)

एवढं बोलून मी उज्जापाशी अडतो. दाविद कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, गाडीवरून नेत होता. बैल अडखळले, उज्जाने तो सावरायला हात लावला आणि जागीच मेला. कोशाला शिवू नये ही ताकीद गणनेच्या पुस्तकात आहे, मला ठाऊक आहे. समाधान होत नाही. दाविदाचंही झालं नाही. तो संतापला, हे पुढचंच वचन सांगतं.

शिरगणतीचंही तसंच. मोजली दाविदाने, शिक्षा म्हणून आलेल्या मरीत मेले ७०,००० लोक. पाप माझं, या मेंढरांनी काय केलंय, असं तो देवाला विचारतो. तुमचाच प्रश्न. उत्तर म्हणून संदेष्टा येतो आणि एवढंच सांगतो, खळ्यावर जा, वेदी बांध.