मार्चमधलं किरायाचं घर आणि कवितेची पुस्तकं

नागपुरात किरायाचं घर दुपारी दोन ते चारच्या दरम्यान बघावं. सकाळी दहाला सगळीच घरं थंड वाटतात. वरचा मजला असेल तर पंखा लावून त्याखाली पाच मिनिटं उभं राहा. गरम वारा अंगावर आला तर स्लॅब तापलेला आहे, आणि तो मध्यरात्रीपर्यंत तापच सोडत राहतो.

मग कुलरची जागा. खिडकी मोकळ्यात उघडते का, बाहेर स्टँड बसेल का, प्लग जवळ आहे का ते बघा. समोरून हवा निघायला दुसरी खिडकी नसेल तर कुलर कितीही मोठा आणा, तासाभरात चिकचिक होते. नळ कधी येतो नि किती वेळ टिकतो, हे मालकापेक्षा खालच्या किरायेदाराला विचारलेलं बरं. नुसत्या बोअरच्या पाण्यावर कुलर चालवला तर त्याच्या ताट्यांवर, म्हणजे बाजूंच्या गवताच्या जाळ्यांवर, पांढरा क्षार बसतो आणि हवा अडते.

वीज सबमीटरवर असेल तर युनिटचा दर लिहून घ्या, राहायला जायच्या दिवशी रीडिंगचा फोटो काढा. करार ११ महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, असं सर्रास सांगतात. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, रंगाचे पैसे कापणार का, हेही त्यातच लिहून घ्या.

घरं बदलायच्या याच धांदलीत दोन तारखा येतात. गझलकार सुरेश भट १४ मार्च २००३ ला नागपुरात वारले, कवी ग्रेस २६ मार्च २०१२ ला पुण्यात. ग्रेस नागपूरचेच, इथेच मराठी शिकवलेले. २६ तारखेला त्यांची कविता वाचावीशी वाटावी आणि पुस्तक दोरी बांधलेल्या खोक्यात तळाशी असावं, हे फार लागतं. तेवढी दोन-तीन पुस्तकं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. बाकीची लहान खोक्यांत आडवी भरा. मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की उचलताना बूडच निघतं.

नव्या घरात पुस्तकांची मांडणी न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीशी नको, तिथे ओल येते. कुलरच्या झोतासमोर तर मुळीच नको. आठवडाभरात पानं फुगतात, कडा लाटेसारख्या होतात, आणि उन्हाळा सरला तरी ते पुस्तक नीट मिटत नाही.