प्लगला ठिणगी दिसते, तरी ट्रक पकडत नाही

ट्रक जुना, पेट्रोलचा. चार सिलिंडर, १२ व्होल्ट, पॉइंट-कंडेन्सरचा डिस्ट्रिब्युटर आणि इंजिन केबिनमध्ये दोन सीटांच्या मधल्या डब्याखाली. अशा गाडीत पॉइंट नावाचा छोटा स्विच उघडला की कॉइल ठिणगीचा मोठा व्होल्टेज बनवते आणि डिस्ट्रिब्युटर तो आपल्या कॅप-रोटरमधून एकेका प्लगला वाटतो. खानापूरच्या बाजूला अख्खा पावसाळा उभा होता. सेल्फ मारला की इंजिन झकास फिरायचं, पेट्रोलचा वास यायचा, पण पकडत नव्हतं. प्लग काढून हेडला टेकवला तर ठिणगी दिसायची. ‘करंट हाय की, कार्बोरेटर खोला,’ असा सल्ला लगेच मिळाला.

इथेच फसायला होतं. उघड्या हवेत प्लगची ०.७ मिमीची फट मेलेली ठिणगीसुद्धा ओलांडते. सिलिंडरमध्ये तीच फट दाबलेल्या मिश्रणात असते आणि दाब वाढला की ठिणगी उडायला लागणारा व्होल्टेज कितीतरी पटीने वाढतो. म्हणून प्लग टेकवून बघण्यावर विसंबलो नाही. कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून उपसली, लाकडी चिमट्यात धरली आणि तिचं टोक इंजिनच्या स्वच्छ लोखंडापासून ६ मिमीवर ठेवलं. कॅप-रोटर काढून पॉइंट मिटलेले आहेत हे पाहिलं, चावी ऑन केली आणि प्लॅस्टिकच्या काडीने पॉइंट उघडत राहिलो. चांगली कॉइल ‘चट्’ असा आवाज करत निळसर-पांढरी ठिणगी प्रत्येक वेळी टाकते. इथे तीनात एकदा उडत होती. ३ मिमीवर आणलं तेव्हा नेमाने आली, पण बारीक, पिवळी, बिनआवाजी.

दोन गोष्टी सांभाळायच्या. डब्याखाली पेट्रोलची वाफ साठते, त्यामुळे आधी डबा उघडून हवा खेळू द्यायची आणि ठिणगी कार्बोरेटरपासून लांब पाडायची. दुसरं म्हणजे ती वायर नुसती लोंबत ठेवून सेल्फ मारायचा नाही. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडते.

ठिणगी कॉइलच्या वायरलाच मरतुकडी, म्हणजे कॅप, रोटर, प्लगच्या वायरी तूर्तास बाजूला. आता एक तर कॉइल, नाही तर १२ व्होल्टची बाजू.

बॅटरी उभ्या गाडीत १२.४ व्होल्ट, सेल्फ मारताना ९.८. ९.६ च्या खाली गेली असती तर पुढे काही न बघता आधी बॅटरी आणि तिच्या मोठ्या वायरी बघितल्या असत्या. जुन्या गाडीला इंजिन हाताने फिरवायचं हँडल असतं, त्याचा इथे उपयोग आहे. हँडलवर गाडी सुरू होते आणि सेल्फवर होत नाही, असं असेल तर सेल्फ व्होल्टेज खातोय. (हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. उलटा झटका बसला तर मनगट वाचतं.) माझी हँडलवरही होईना.

‘कॉइल घालून बघा की’ हे बेळगावच्या ऑटोनगरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही गॅरेजात पहिलं वाक्य असतं. घालण्याआधी मोजली. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून त्याचा स्वतःचा ०.३ ओहम वजा केला. लहान टर्मिनलांमध्ये ३.२ ओहम आले, लहान ते मधल्या खोबणीत ८.६ किलोओहम. बॅलास्ट (कॉइलच्या आधी जोडलेला वेगळा रोधक) नसलेल्या १२ व्होल्टच्या कॉइलला ३ ते ४ ओहम बरोबर. बॅलास्टवाल्या कॉइलचे दीडच्या आसपास असतात. ती चुकून अशा गाडीला लागली तर चटके बसण्याइतकी तापते आणि पॉइंट जाळते, म्हणून विकत घेताना दुकानातच मोजावी. ओहम बरोबर आले तरी तापल्यावर इन्सुलेशन गळू शकतं, म्हणून दुसऱ्या चालत्या गाडीची कॉइल तात्पुरती जोडली. ठिणगी तशीच पिवळी. म्हणजे दोष कॉइलचा नव्हता.

मग मीटर व्होल्टवर घेतला. पॉइंट मिटलेले, चावी ऑन, मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर. कॉइलच्या प्लसला १२.४ ऐवजी ११.६. कॉइलच्या मायनसला, जिथे पॉइंट मिटल्यावर जवळजवळ शून्य हवं, तिथे १.३. ०.२ च्या वर मी सोडत नाही. म्हणजे कॉइलला १०.३ व्होल्टच मिळत होते. करंट पावणेचारऐवजी ३.२ अँपियर. ऐकायला हे थोडं वाटतं, पण कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे पाव भागाहून जास्त ऊर्जा इथेच गेली. सेल्फ मारताना बॅटरीच ९.८ वर येते, करंट अडीच अँपियरवर, आणि ऊर्जा निम्म्याच्याही खाली. प्लग पेट्रोलने भिजून बसतात ते यामुळेच.

आता हे १.३ व्होल्ट शोधायचे. पॉइंटवर राखाडी थर होता. पॉलिश पेपर वापरत नाही, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात. बारीक चपटी फाइल दोनदा फिरवली, मग पेट्रोलमध्ये बुडवलेली पुठ्ठ्याची पट्टी पॉइंट मिटवून ओढली. १.३ चे ०.८ झाले. बाकीचे कुठे?

एक पिन पॉइंटच्या प्लेटवर आणि दुसरी डिस्ट्रिब्युटरच्या बाहेरच्या बॉडीवर धरली, तर मीटरने ०.६ दाखवले. धातूला धातू लागलेला, तरी मध्ये ०.६. प्लेटखाली सुताचं वेष्टण असलेली बोटभर लांबीची वायर असते, फिरत्या प्लेटला बॉडीशी जोडून अर्थिंग देणारी. वरून अखंड दिसत होती. नखाने वेष्टण सरकवलं तर आत तांब्याचे तीन तंतू उरलेले, बाकीचे हिरवे होऊन तुटलेले. इंजिनच्या व्हॅक्युमच्या ओढीने प्लेट मागेपुढे फिरते, प्रत्येक वेळी वायर वाकते, आणि त्यात पावसाळ्याची ओल.

तिथे घरच्या वायरिंगची एकतारी तांब्याची वायर लावू नये, पुन्हा तुटते. मीटरच्या जुन्या प्रोबची वायर कापून घेतली. तिच्यात केसासारखे शेकडो तंतू असतात. दोन्ही टोकांना लग (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) बसवून डाग दिला आणि प्लेट दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून वायर ताणत नाही ना, कॅमला (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या दांड्याला) घासत नाही ना हे पाहिलं. कॉइलचा मायनस ०.१५ व्होल्टवर आला. प्लसच्या बाजूचे ०.८ चावीच्या मागच्या हिरव्या पडलेल्या टर्मिनलांत होते. बॅटरी सोडून ती घासली, ०.३ राहिले.

कंडेन्सर ०.२१ मायक्रोफॅरड, म्हणजे बरोबर. तो आतून तुटला तर ठिणगी अशीच पिवळी पडते आणि पॉइंटमध्ये मोठा जाळ दिसतो. शॉर्ट झाला तर ठिणगीच येत नाही. जुना चांगला असेल तर मी काढत नाही. हल्ली खोक्यातून नवा काढलेला कंडेन्सर आठवडाभरात खराब होतो, हे दोनदा बघितलंय.

पॉइंटची फट कॅमच्या टोकावर मोजायची. डिस्ट्रिब्युटर लुकास कंपनीचा असल्याने ०.३५ ते ०.४० मिमी. काही अमेरिकन घडणीच्यांना ०.५० लागते, म्हणून नाव वाचूनच फिलर (फट मोजायची पट्टी) घालावा. फट बदलली की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हलतं, ते टेस्ट लॅम्पने पुन्हा बसवलं. सिलिंडर पेटायचा क्रम १-३-४-२.

आता ६ मिमीवर एकही ठिणगी चुकत नव्हती आणि आवाज केबिनच्या बाहेर ऐकू येत होता. भिजलेले चारही प्लग सुकवून घातले, अर्धा चोक ओढला. दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली. वीस मिनिटं चालवून बंद केली आणि गरम असतानाच पुन्हा मारून बघितली.

रात्री अंधारात डबा उघडून पाहिल्यावर कॅपवर एक निळी रेघ चमकताना दिसली. ठिणगी जोरदार झाल्यावरच अशी गळती कळते. कॅप नवी बसवली. डब्याचं रबर फाटलंय, पाणी नेमकं कॅपवर ठिबकतं. ते मिळेपर्यंत वरून ताडपत्रीचा तुकडा टाकलाय, पण कॅपला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधलेली नाही. बांधली तर सकाळी पिशवीत आतून दव धरतं आणि गाडी पुन्हा अडून बसते.