शिष्ट

मंगळवार, रात्री साडेदहा

आई दुपारपासून घुश्शात आहे. कारण शेजारच्या बाई. महिन्यापूर्वी कानपूरहून मुलाकडे राहायला आल्यात, हिंदीच्या निवृत्त शिक्षिका. आज मठरीची डिश घेऊन दारात आल्या आणि माझ्या लेकीकडे बघत कौतुकाने म्हणाल्या, "आपकी नातिन बड़ी शिष्ट है।" आईने डिश घेतली, दार लावलं आणि तिथूनच ओरडली, "ऐकलंस? पोरगी वाकून नमस्कार करते, आणि ही शिष्ट!"

मला हसू आवरेना. हिंदीत त्याचा अर्थ सभ्य, सुसंस्कृत असाच आहे, हे सांगून पाहिलं. "शिष्ट म्हणजे शिष्ट," आई म्हणाली.

तिचंही खरंच. मराठीत 'शिष्ट' म्हणताना 'ष्ट'वर जरा जोर येतो, मान किंचित मागे जाते. तोंडावर सहसा कुणी म्हणत नाही. माणूस जिना उतरून गेला की मागून शब्द येतो. 'भाव खातेय' हे आजच्यापुरतं, उद्या निवळेल. 'आखडू'त थोडी गंमत असते. नाक मुरडायलाही निदान नाक हलवावं लागतं. शिष्ट ठरायला काहीच करावं लागत नाही. गप्प राहिलं की झालं.

हे मी भोगलंय. अकरावीत मला चष्मा लागला आणि लाजेने तो मी सॅकमध्येच ठेवायचे. रस्त्यापलीकडून कुणी हात केला तरी मला नुसता हलणारा ड्रेस दिसायचा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वर्गात माझी ख्याती झाली होती: हुशार आहे, पण शिष्ट आहे. पुढे चष्मा लावायला लागले तर एकीने विचारलं, "काय बाई, आता ओळख द्यायला लागलीस?"

संस्कृतच्या तासाला ऐकलेलं एक आज आठवलं. पतंजलीने महाभाष्य या आपल्या व्याकरणग्रंथात शिष्ट कोण ते सांगून ठेवलंय: घरात मडकंभरच धान्य ठेवणारे, निर्लोभी, काही मिळावं म्हणून नव्हे तर उगीचच एखाद्या विद्येत पारंगत झालेले. भाषेत त्यांचा शब्द प्रमाण. 'शिष्य' ज्या धातूतून आला त्यातूनच 'शिष्ट'ही, म्हणजे ज्याला वळण लागलंय तो. त्या मडकेवाल्यापासून आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये मोबाइलमधून मान वर न काढणाऱ्या बाईपर्यंत हा शब्द कसा घसरत आला असेल? माझा संशय शुद्ध बोलणाऱ्यांवरच आहे. समोरचा चुकला की ते नुसते गप्प बसतात ना, त्या गप्प बसण्याने हा अर्थ कमावला असणार.

शिष्टाचार, शिष्टमंडळ, कृष्णशिष्टाई, या सगळ्यांत त्याची अब्रू शाबूत आहे. सोबत कुणी असलं की नीट वागतो, एकटा सापडला की बिघडतो. 'शहाणा'चंही आपण असंच करून ठेवलंय. "मोठा शहाणा लागून गेलास" यात कौतुक शोधून दाखवावं कुणी.

रिकामी डिश परत द्यायची नसते, म्हणून आत्ता आई तिच्यात चकल्या रचत होती. मोडक्या बाजूला काढून, अख्ख्या तेवढ्या वर.

"बाई शिष्टच दिसतात," ती म्हणाली.

"हिंदीत की मराठीत?"

"उद्या चकल्या खाऊन काय म्हणतात ते बघू."