भिंती नसलेल्या मिशनचे जतन

ज्या बोस्टनच्या मिशनरी मंडळाने १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू केले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे वसवले, त्याच मंडळाने १८३६ साली मार्कस आणि नार्सिसा व्हिटमन या दांपत्याला आजच्या वॉशिंग्टन राज्यात, कायूस या मूळनिवासी लोकांच्या भूमीत पाठवले. अहमदनगरच्या मिशनने शाळा काढल्या, १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक चालवले आणि ते रुजले. वायीलॅटपू येथील व्हिटमन यांचे मिशन मात्र अकरा वर्षांत संपले आणि त्याच्या इमारती जाळून टाकण्यात आल्या.

वाला वाला शहराच्या पश्चिमेस सुमारे ११ किलोमीटरवर असलेल्या या जागेचा कारभार आज अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा पाहते. ती पाहायला गेलो तेव्हा आपल्याकडच्या किल्ल्यांची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना काही काळ पाहण्यासारखे काहीच सापडले नाही. १९३६ च्या कायद्याने या स्मारकाला मंजुरी मिळाली आणि १९४० च्या दशकात येथे उत्खनन झाले. पण कच्च्या विटांची घरे पुन्हा न बांधता त्यांच्या पायांच्या रेषा तेवढ्या जमिनीवर आखून ठेवण्यात आल्या. हा निर्णय मला योग्य वाटतो. नवे घर बांधले असते, तर पाहणाऱ्याने ते व्हिटमन यांचेच समजून फोटो काढले असते आणि आजच्या गवंड्याची कल्पना इतिहास म्हणून रूढ झाली असती.

भिंती नसल्यामुळे सगळा भार कथनावर येतो, आणि येथे कथनच वादाचे आहे. १८४७ मध्ये गोवराची साथ आली. गोऱ्या स्थलांतरितांच्या मुलांमध्ये या रोगाविरुद्ध थोडीफार प्रतिकारशक्ती होती, कायूसांमध्ये ती नव्हती. त्यांच्यातील अंदाजे निम्मे लोक दगावले. व्हिटमन स्वतः डॉक्टर होते. त्यांच्या औषधाने गोरी मुले बरी होतात आणि आपली मरतात, हे कायूसांना रोज दिसत होते, आणि रोगी दगावल्यास वैद्याचा जीव घेता येतो, अशी त्यांची परंपरा होती. शिवाय १८४३ पासून ऑरेगनच्या वाटेवर दरवर्षी गाड्यांचे तांडे येऊ लागले होते आणि मिशन हा त्यांचा विसावा बनला होता, त्यामुळे जमिनीबद्दलची भीतीही निराधार नव्हती. २९ नोव्हेंबर १८४७ रोजी हल्ला झाला आणि व्हिटमन दांपत्यासह मिशनमधील माणसे मारली गेली. हडसन्स बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीच्या पीटर स्कीन ऑग्डेन यांनी खंडणी देऊन ओलिसांची सुटका केली. पुढे युद्ध झाले, ३ जून १८५० रोजी ऑरेगन सिटीत पाच कायूस पुरुषांना फाशी देण्यात आली आणि १८५५ च्या तहाने कायूसांना ही भूमी सोडावी लागली.

जवळच्या टेकडीवरचा स्तंभ आणि पायथ्याच्या सामूहिक कबरीवरची संगमरवरी शिळा, ही दोन्ही हल्ल्याच्या पन्नासाव्या वर्षाची, म्हणजे १८९७ ची आहेत. व्हिटमन यांनी १८४२ च्या हिवाळ्यात घोड्यावरून पूर्वेस जाऊन ऑरेगन ब्रिटिशांपासून वाचवले, ही दंतकथा तेव्हा जोरात होती. प्रत्यक्षात मंडळाने वायीलॅटपूचे ठाणे बंद करण्याचा हुकूम दिला होता आणि तो मागे घ्यावा, म्हणून ते गेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभीच अभ्यासकांनी ही दंतकथा खोडून काढली, तरी दगडाचा मान टिकला. (दगडापुढे इतिहासकाराचे फारसे चालत नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे.)

जतनाच्या कामातील खरी असमानता मला याच टेकडीपाशी जाणवते. मिशनमधील मृतांना शिळा मिळाली; फाशी गेलेल्या तिलोकाइक्त, तोमाहास आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांना कोठे पुरले, ते आजही माहीत नाही. कायूसांचे वंशज युमटिला राखीव क्षेत्रात राहतात आणि पेंडलटनजवळ १९९८ पासून त्यांचे स्वतःचे तमस्त्स्लिक्त हे संग्रहालय आहे. मिशन पाहणाऱ्याने तेही पाहावे, नाहीतर त्याच्या पदरी अर्धीच हकीकत पडेल. टेकडीवरचा स्तंभ हटवावा असे मी म्हणणार नाही, कारण १८९७ च्या लोकांना काय मानायचे होते, याचा तो पुरावा आहे. मात्र तो कोणी, केव्हा आणि कोणत्या दंतकथेच्या भरात उभारला, ते त्याच्या शेजारीच ठळकपणे लिहावे, आणि त्या पाच जणांची नावेही तेथेच, त्याच आकाराच्या अक्षरांत असावीत.