पाठीवरची ओळ वाचून दाखवा, एवढंच तर म्हणत होते

हातात धरून खेळायचा कन्सोल कुठला घ्यायचा हे माझं फटाफट ठरलं होतं. खरा वेळ गेला तो विक्रेत्याकडून एक ओळ वाचून घेण्यात. ती ओळ यंत्राच्या पाठीवर छापलेली असते, यंत्र त्यांच्याच गोदामात पडलेलं होतं, आणि तरी ती मला कुणी सांगेना. आठवलं की अजून डोकं फिरतं, म्हणून लिहून काढतेय.

निवडीचं आधी उरकते. भाच्याचा धोशा होता, "मावशी, स्टीम डेकच घे, कॉम्प्युटरवरचे सगळे गेम चालतात." सगळे चालत नाहीत. तो बनवणारी व्हॉल्व्ह कंपनी स्वतःच गेमना 'व्हेरिफाइड', 'प्लेएबल', 'अनसपोर्टेड' असे शिक्के मारते, आणि चीटिंग रोखणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे बरेच ऑनलाइन गेम डेकवर चालतच नाहीत. पण माझा नकार वजनासाठी होता. पहिला डेक ६६९ ग्रॅमचा, नंतरचा ओएलईडी पडद्याचा ६४० ग्रॅमचा. मी आडवी पडून खेळते. भाच्याचा डेक जरा वेळ तोंडासमोर धरून बघितला आणि मनगटांनीच निकाल दिला. विंडोजवाले हँडहेल्डही त्याच वजनगटातले, तेही गेले. प्लेस्टेशन पोर्टल दिसायला देखणा, पण तो स्वतः गेम चालवत नाही. गेम दुसरीकडे चालतो आणि वायफायवरून पडद्यावर येतो. माझं निम्मं खेळणं प्रवासात, त्यामुळे तोही बाद.

उरला निन्टेंडो कंपनीचा स्विच. जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ बजेटबाहेर, आणि कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे त्याची बॅटरी साधारण २ ते ६.५ तास. स्विच लाइट अवघा २७५ ग्रॅमचा, हाताला सगळ्यांत सुखाचा, पण टीव्हीला जोडता येत नाही आणि स्टिक, म्हणजे गडी हलवायच्या अंगठ्याखालच्या दांड्या, यंत्राच्या अंगातच बसवलेल्या. स्टिक बिघडली की अख्खं यंत्र दुरुस्तीला द्यायचं. मग साधा स्विच घ्यायचा, रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण तपासून-दुरुस्त करून विकलेला, असं ठरलं.

इथे गाडी अडली, कारण साधा स्विच दोन प्रकारचा आहे. नाव एकच, ६.२ इंची पडदा तोच, आतली ३२ जीबी जागा तीच, समोरासमोर ठेवले तर ओळखू येणार नाहीत. मार्च २०१७ मध्ये आलेल्या पहिल्याची बॅटरी साधारण २.५ ते ६.५ तास जाते. २०१९ च्या ऑगस्टपासून जो सुधारित विकायला लागले त्याची ४.५ ते ९ तास. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'सारखा जड गेम लावला तर कंपनीच्या हिशेबाने पहिला सुमारे ३ तासांत मान टाकतो, दुसरा साडेपाच तास खेचतो. गंमत म्हणजे बॅटरी दोन्हींत सारखीच आहे, ४३१० एमएएच. बदललीय ती चिप. तोच टेग्रा एक्स१, पण आधी २० नॅनोमीटरवर बनायचा, नंतर १६ वर, म्हणून वीज कमी खातो. तेव्हा 'जुना घ्या, पुढे नवी बॅटरी टाकून घ्या' असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. नव्या बॅटरीनेही तो जुनाच राहणार.

प्रवासात खेळणाऱ्यासाठी या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो कळतो पाठीवर बारीक अक्षरात छापलेल्या मॉडेल नंबरावरून. जुन्यावर एचएसी-००१. नव्यावर त्यापुढे कंसात -०१. बस. एवढंच मला हवं होतं.

विक्रेत्याच्या यादीत लिहिलं होतं 'बॅटरी ९ तासांपर्यंत'. खाली फोटो होता जुन्या डब्याचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर यंत्र असलेला. नव्याचा डबा सगळा लाल असतो. म्हणजे मजकूर एका यंत्राचा आणि फोटो दुसऱ्याचा. मी चॅटवर विचारलं, "पाठीवरचा मॉडेल नंबर काय आहे?" उत्तर आलं, "प्रिय ग्राहक, हे उत्पादन शंभर टक्के ओरिजिनल असून तज्ज्ञांनी तपासलेले आहे." बरं. ओरिजिनल तर दोन्ही आहेत. परत विचारलं. "प्रिय ग्राहक, उत्पादनाची सर्व माहिती यादीत दिलेली आहे." यादीतलीच माहिती एकमेकींशी भांडतेय हे मी फोटोसकट पाठवलं. "फोटो केवळ प्रातिनिधिक आहे." मग मजकूर तरी खरा का? त्यावर मौन.

मग मी दुसऱ्या वाटेने गेले. मॉडेल नंबर सांगायचा नसेल तर खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी सीरियल नंबरचा स्टिकर असतो, त्याची पहिली तीन अक्षरं सांगा. एक्सएडब्ल्यू असेल तर जुना, एक्सकेडब्ल्यू असेल तर नवा. यावर जे उत्तर आलं त्याला माझा सलाम: "गोपनीयतेच्या कारणास्तव सीरियल नंबर देता येत नाही." आता, पूर्ण सीरियल नंबर परक्याला देऊ नये हे मलाही मान्य आहे, त्याचा गैरवापर होऊ शकतो. पण तीन अक्षरांत कसली आलीय गोपनीयता? ती तर लाखो यंत्रांवर एकसारखी आहेत. हे लिहिलं तर थोड्या वेळाने निरोप आला की तुमच्या शंकेचे समाधान झाल्यामुळे तक्रार बंद करण्यात येत आहे, कृपया आमच्या सेवेला किती तारे द्याल ते कळवा.

दुसरा विक्रेता बघायचा की, असं भाचा म्हणाला. बघितले. बहुतेकांनी दोन्ही प्रकार एकाच नावाखाली टाकलेले, आणि कुठला येईल ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. या विक्रेत्याकडे निदान परतीची मुदत होती आणि जॉय-कॉन, म्हणजे यंत्राच्या दोन्ही बाजूंना बसणारे सुटे कंट्रोलर, नवे मिळणार होते. शिवाय खरं सांगायचं तर आता मी इरेला पेटले होते.

शेवटी चॅट सोडून फोन धरला. पहिल्या बाईंनी यादीच वाचून दाखवली, अगदी '९ तासांपर्यंत'सकट. मी म्हटलं, मला स्क्रीनवरचं नको, वस्तू ज्यांच्या हातात आहे त्यांच्याशी बोलायचंय. बरंच संगीत ऐकल्यावर गोदामातला एक मुलगा लाइनवर आला. मागे चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येत होता. मी काय हवंय ते सांगितलं. तो म्हणाला, "थांबा मॅडम, उलटा करून बघतो. एचएसी, झिरो झिरो वन... पुढे कंसात पण काहीतरी आहे. मायनस झिरो वन." मला फोनमधून हात घालून त्याची पाठ थोपटावीशी वाटली. ज्या प्रश्नावर अख्खं ग्राहक-सेवा खातं कच खात होतं, तो याने बोलता बोलता सोडवला. कारण साधं आहे. चॅटवाल्यांसमोर यंत्र नसतंच, यादी असते, आणि यादी बनवणाऱ्याला दोन प्रकार आहेत याचा पत्ता नसतो. लबाडी आहे असं मला वाटत नाही. पण लबाडी नसली तरी गिऱ्हाइकाचा वेळ जायचा तो जातोच.

त्यानंतर मी ऑर्डर दिली आणि लगेच ईमेल टाकला: 'आपल्या गोदामातून फोनवर सांगितल्याप्रमाणे मॉडेल एचएसी-००१(-०१) मागवत आहे, वेगळे आल्यास परत करेन.' हे लेखी हवंच. आणि त्यात बॅटरीचे तास घालू नका, मॉडेल नंबर घाला. तासांवर वाद घालता येतो, 'तुम्ही ब्राइटनेस जास्त ठेवला' म्हणून मोकळे होतात. नंबरावर काय बोलणार?

यंत्र आलं ते बरोबर आलं. आधी पाठ बघितली, मग चालू केलं.

परतीच्या मुदतीत काय काय तपासलं तेही सांगते. सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्समध्ये स्टिक कॅलिब्रेट करायची सोय आहे. तिथे स्टिक चारी बाजूंना फिरवून सोडायची, पडद्यावरची खूण मध्यावर येऊन थांबली पाहिजे. एका बाजूला सरकत राहिली तर तो ड्रिफ्ट. या स्टिकमध्ये एक पट्टी घासत असते, ती झिजली की हात न लावता तुमचा गडी दरीकडे चालू लागतो. चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिकमध्ये ही घासाघीस नसते, पण जॉय-कॉनमध्ये त्या येत नाहीत. त्यामुळे जॉय-कॉन नवे असतील तरी ही तपासणी चुकवू नका. ते रुळावर बसवून हलवूनही बघा, खिळखिळे वाटले तर तेव्हाच बोला.

वापरलेल्या यंत्राबाबत फारसं कुणी न सांगणारी गोष्ट म्हणजे ऑनलाइन बंदी. आधीच्या मालकाने काही उद्योग केले असतील तर यंत्रच कंपनीच्या सर्व्हरवरून बाद झालेलं असू शकतं, आणि फॅक्टरी रीसेटने ते निघत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी वायफाय जोडून ई-शॉप, म्हणजे कंपनीचं गेमचं ऑनलाइन दुकान, उघडा. उघडलं, काहीतरी फुकटचं डाउनलोड झालं, की सुटलात. जमलं तर कुणाचं तरी गेमकार्ड उसनं आणून खाचेत घालून बघा.

जागेचं राहिलंच. ३२ जीबीतली काही सिस्टीमच खाते, तेव्हा कार्ड लागणार हे धरूनच बजेट करा. साध्या स्विचला नेहमीचं मायक्रोएसडी चालतं. स्विच २ ला गेम ठेवायला मायक्रोएसडी एक्स्प्रेसच लागतं, घरातलं जुनं कार्ड तिथे उपयोगी पडत नाही. आणि कुठल्याही हँडहेल्डची जाहिरात वाचताना बॅटरीच्या दोन आकड्यांतला लहान आकडा आपला समजायचा, मोठा हलक्याफुलक्या गेमचा असतो.

बजेट थोडं सैल असेल तर २०२१ चा ओएलईडी स्विच बघा. त्याची बॅटरी सरसकट ४.५ ते ९ तासांची आहे, त्यामुळे जुना-नवा हा घोळच नाही. माझं सैल नव्हतं.

सीरियलच्या स्टिकरबद्दल आणखी एक. विक्रेता म्हणाला की तो घासला गेलाय, वाचता येत नाही, तर ऐकून घेऊ नका. सेटिंग्जमध्ये सिस्टीममध्ये गेलं की सीरियल नंबर पडद्यावरच दिसतो. यंत्र चालू करून पहिली तीन अक्षरं वाचायला सांगा, आणि ते चालूच होत नसेल तर मग दुसरीकडे बघा.