‘आरंभ’ आणि ‘समाप्ती’ : दोन फंक्शनांच्या दस्तऐवजाचे काम कोठवर आले

गेल्या महिन्याच्या अखेरीस कोल्हापूरच्या राजारामपुरीतील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने माझ्या छोट्या ग्राफिक्स लायब्ररीवर, म्हणजे चित्रे काढणाऱ्या तयार फंक्शनांच्या संचावर, लिहिलेला प्रोग्राम मला पाठवला. राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी दाखवणारा, ३९ फुटांच्या इशारा पातळीवर पिवळी आणि ४३ फुटांच्या धोका पातळीवर लाल रेघ ओढणारा हा प्रोग्राम माझ्या संगणकावर सुरळीत चालला. त्याच्या संगणकावर मात्र चित्र नीट दिसे आणि विंडो बंद करताच प्रोग्राम कोसळे. दस्तऐवजात या प्रसंगासाठी मी एकच वाक्य लिहून ठेवले होते : ‘समाप्ती हे फंक्शन लायब्ररी बंद करते.’ त्या वाक्यातून त्याला काहीही कळण्यासारखे नव्हते, आणि तेव्हापासून नवे काही न जोडता मी लायब्ररी सुरू करणारे ‘आरंभ’ आणि हे ‘समाप्ती’ या दोन फंक्शनांच्या दस्तऐवजावरच काम करीत आहे.

चूक कोठे होती ते आधी सांगतो. त्याने सी प्लस प्लसमध्ये टेक्श्चरसाठी, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला दिलेल्या चित्रासाठी, सर्व फंक्शनांबाहेर एक ग्लोबल ऑब्जेक्ट ठेवला होता आणि ‘मेन’ या मुख्य फंक्शनच्या शेवटच्या ओळीत ‘समाप्ती’ला कॉल केला होता. ग्लोबल ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर (त्याची आवराआवर करणारे फंक्शन) ‘मेन’ संपल्यानंतर चालतो, म्हणजे टेक्श्चर मोकळे करण्याचा कॉल होईपर्यंत ओपनजीएल या ग्राफिक्स प्रणालीचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे ती ज्यात काम करते ती चालू स्थिती, नष्ट झालेला असतो. कॉन्टेक्स्ट नसताना केलेल्या कॉलचे काय होईल याची कोणतीही हमी नसते. एका ड्रायव्हरवर काहीच घडत नाही, दुसऱ्यावर प्रोग्राम कोसळतो. त्यामुळे ‘माझ्याकडे तर चालते’ या अनुभवाला येथे काहीही किंमत नाही. टेक्श्चर, शेडर आणि बफर ‘समाप्ती’पूर्वी मोकळे झाले पाहिजेत, आणि सी प्लस प्लस वापरणाऱ्यांनी असे ऑब्जेक्ट ‘मेन’मधील आतल्या कंसांच्या जोडीत ठेवून तो कंस संपल्यावरच ‘समाप्ती’ला कॉल करावा, हे आता हेडर फाइलमध्ये, म्हणजे लायब्ररीतील फंक्शनांची यादी असलेल्या फाइलमध्ये, फंक्शनच्या अगदी वर, उदाहरणासह लिहिले आहे.

लिहिताना मराठी शब्दानेच मला अडवले. विंडोही आपण ‘बंद’ करतो आणि लायब्ररीही ‘बंद’ करतो, त्यामुळे वाचणाऱ्याला दोन्ही क्रिया एकच वाटतात. आता विंडोसाठी ‘बंद करणे’ आणि लायब्ररीसाठी ‘आवरणे’ असा भेद मी सर्वत्र पाळला आहे. दुकान आवरताना माल आत घेतल्याशिवाय कोणी शटर ओढत नाही. तो क्रम या शब्दात आधीच असल्यामुळे समजावून सांगण्याचे काम बरेच हलके झाले.

माझी लायब्ररी जीएलएफडब्ल्यू या विंडो उघडणाऱ्या लायब्ररीवर उभी असल्याने तिच्या ‘इनिट’ (सुरू करणे) आणि ‘टर्मिनेट’ (आवरणे) या फंक्शनांचा अधिकृत दस्तऐवज मी पुन्हा सावकाश वाचला. ‘इनिट’ अयशस्वी झाल्यास ते परत येण्यापूर्वी स्वतःच ‘टर्मिनेट’ करते, हे तेथे स्पष्ट सांगितले आहे. तेच वचन माझ्या ‘आरंभ’साठी लिहायला बसलो आणि ते खोटे ठरेल हे लक्षात आले. ‘आरंभ’ तीन पायऱ्यांनी चालते : जीएलएफडब्ल्यू सुरू करणे, विंडो तयार करणे आणि ओपनजीएलची फंक्शने मिळवणे. जुन्या संगणकावर ओपनजीएल ३.३ उपलब्ध नसेल तर दुसरी पायरी फसते, आणि माझा कोड पहिली पायरी तशीच उघडी टाकून परत येत होता. कोड दुरुस्त केला आणि मगच ते वाक्य लिहिले. दस्तऐवज लिहिताना सापडलेला हा दोष मला या महिन्यातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

‘आरंभ’ला दोनदा कॉल केला तर काय व्हावे, यावर उद्यमनगरातील एका ज्येष्ठ मित्राशी बराच वेळ चर्चा झाली. एसडीएल या तशाच दुसऱ्या लायब्ररीमध्ये प्रत्येक सबसिस्टिम (चित्र, आवाज असा एकेक विभाग) किती वेळा सुरू झाली याची मोजणी ठेवली जाते. जीएलएफडब्ल्यूमध्ये दुसरा ‘इनिट’ लगेच यश कळवतो आणि एकच ‘टर्मिनेट’ सगळे आवरते. मोजणी असावी असे त्यांचे मत होते. मी जीएलएफडब्ल्यूची रीत ठेवली, कारण खालच्या थरात मोजणी नसताना वरच्या थरात ती दाखवणे वापरणाऱ्याची दिशाभूल करणारे ठरले असते. माझ्या लायब्ररीबरोबर जीएलएफडब्ल्यूचे ‘टर्मिनेट’ स्वतंत्रपणे वापरू नये, ही सूचनाही त्यामुळे जोडावी लागली.

विद्यार्थ्यांच्या प्रोग्रामांत वारंवार दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे एस्केप कळीच्या कॉलबॅकमध्येच, म्हणजे कळ दाबल्यावर लायब्ररी आपणहून चालवते त्या फंक्शनमध्येच, ‘समाप्ती’ लिहिणे. जीएलएफडब्ल्यूमध्ये ‘टर्मिनेट’ कॉलबॅकमधून करता येत नाही, आणि ‘इनिट’ आणि ‘टर्मिनेट’ ही दोन्ही फंक्शने मुख्य थ्रेडवरूनच, म्हणजे ‘मेन’ ज्या प्रवाहात चालते त्यातूनच, वापरावी लागतात. कॉलबॅकमध्ये केवळ विंडो बंद करण्याची खूण करावी, मुख्य लूप संपू द्यावा आणि त्यानंतर आवरावे, असा नमुना आता दिला आहे. मॅकओएसवर ॲप बंडलमध्ये रिसोर्सेसचा फोल्डर असल्यास ‘इनिट’ प्रोग्रामचा चालू फोल्डर बदलून तेथे नेते, म्हणून पाणीपातळीच्या फाइलचा सापेक्ष मार्ग चुकू शकतो, याचीही नोंद केली आहे. हे नको असेल तर त्यासाठीचा हिंट (आगाऊ सूचना) ‘इनिट’च्या आधी द्यावा लागतो.

उदाहरणाचा प्रोग्राम शंभर वेळा सुरू करून आवरण्याची चाचणी मी व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली घेतली. माझ्या कोडने घेतलेली सर्व मेमरी परत झाली. अहवालात उरलेल्या नोंदी ग्राफिक्स ड्रायव्हरच्या होत्या. अशा नोंदी पाहून नवशिक्याने स्वतःच्या कोडवर शंका घेऊ नये, म्हणून दोन्हींत फरक कसा ओळखावा यावर एक परिच्छेद लिहिला आहे.

लिनक्सवर विंडो पडद्यावर दाखवण्याच्या एक्स इलेव्हन आणि वेलँड या दोन व्यवस्थांपैकी माझ्याकडे एक्स इलेव्हन असलेलाच संगणक आहे. जीएलएफडब्ल्यू ३.४ पासून वेलँड की एक्स इलेव्हन याची निवड प्रोग्राम चालू होताना होते, त्यामुळे आपल्यापैकी जे वेलँड वापरतात त्यांनी हाच उदाहरणाचा प्रोग्राम चालवून, विंडो बंद केल्यावर टर्मिनलवर कोणता संदेश उमटतो ते मला जसेच्या तसे कळवावे.